सत्तरीतला ड्रायव्हर, स्पोर्ट्स कार आणि विम्याचा अल्गोरिदम

अमेरिकेत गाडीचा विमा गेल्या काही वर्षांत किती महागलाय, हे तिथे राहणाऱ्या तुमच्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या महागाई निर्देशांकातला वाहन विम्याचा आकडा वर्षभरात २२ टक्क्यांहून जास्त वर गेला होता. नंतर वेग कमी झाला, पण चढलेला हप्ता काही खाली उतरला नाही. ब्रिटनमध्येही साधारण त्याच काळात हीच ओरड होती.

या ओरडीत एका गटाची तक्रार मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. साठी-सत्तरीतली माणसं, ज्यांच्याकडे स्पोर्ट्स कार आहे. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, आणि आयुष्यभर मनात असलेली कॉर्व्हेट किंवा मिआटा एकदाची दारात आली. अमेरिकेत कॉर्व्हेट म्हणजे 'रिटायर्ड लोकांची गाडी' असा विनोदच आहे. पण विम्याचं कोटेशन आलं की विनोद संपतो. यांचा प्रश्न साधा असतो: चाळीस वर्षांत एक क्लेम नाही, रविवारी सकाळी तासभर गाडी काढतो, मग मला एवढा हप्ता का?

हा प्रश्न फक्त श्रीमंत म्हाताऱ्यांच्या हौसेचा नाही. कंप्युटर तुमच्याबद्दल निर्णय घेताना तुम्हाला 'तुम्ही' म्हणून बघतो की तुमच्यासारख्या इतरांची सरासरी म्हणून, हा तो प्रश्न आहे. आणि तो आपल्याकडेही येतोय.

मी पुण्यात दीड वर्ष एका प्रोजेक्टवर होतो, जिथे परदेशी विमा कंपनीचं रेटिंग इंजिन आम्ही सांभाळायचो. रेटिंग इंजिन म्हणजे तुम्ही फॉर्म भरल्यावर हप्त्याचा आकडा काढणारं सॉफ्टवेअर. आत काहीतरी भारी आर्टिफिशियल इंटेलिजन्स असेल असं मला वाटायचं. उघडून बघितलं तर आत टेबलं होती. शेकडो टेबलं. आणि गुणाकार.

आधी मूळ गणित

वाहन विम्याची किंमत ठरवायची जगभरातली रूढ पद्धत म्हणजे जीएलएम, जनरलाइज्ड लिनियर मॉडेल. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. कंपनी जुन्या क्लेमच्या डेटावरून दोन गोष्टींचा अंदाज बांधते:

- वर्षभरात क्लेम येण्याची शक्यता किती (वारंवारता)
- क्लेम आलाच तर तो साधारण किती रुपयांचा किंवा डॉलरचा (तीव्रता)

या दोघांचा गुणाकार म्हणजे तुमची अपेक्षित किंमत. त्यावर कंपनीचा खर्च आणि नफा चढतो.

आता हे अंदाज माणसागणिक कसे बदलतात? प्रत्येक गोष्टीला एक गुणक मिळतो. वयाचा गुणक, गाडीच्या मॉडेलचा गुणक, पत्त्याचा गुणक, वर्षाला किती मैल चालवता त्याचा गुणक. सरासरी माणसाचा गुणक १ धरला, तर जास्त धोक्याच्या माणसाचा १.३, कमी धोक्याच्याचा ०.८, असं. शेवटी सगळ्यांचा गुणाकार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

- मूळ हप्ता: १००० डॉलर
- स्पोर्ट्स कारचा गुणक: १.५
- वय ७३ चा गुणक: १.३

हप्ता = १००० × १.५ × १.३ = १९५० डॉलर.

मेख इथेच आहे. १.५ हा आकडा कुठून आला? स्पोर्ट्स कार चालवणाऱ्या सगळ्या लोकांच्या डेटातून. त्यात २३ वर्षांचा पोरगाही आहे आणि ७३ वर्षांचे आजोबाही. समजा तरुणांच्या हातात स्पोर्ट्स कार आली की धोका दुप्पट होतो, पण सत्तरीतल्या माणसाच्या हातात तो जेमतेम १५ टक्क्यांनी वाढतो. मॉडेलला हा फरक वेगळा शिकवला नाही, तर ते दोघांना मधला १.५ लावून मोकळं होतं. फरक शिकवला, तर आजोबांचा हप्ता १००० × १.१५ × १.३ = १४९५ डॉलर निघतो. ४५५ डॉलरचा फरक, आणि तो पडला फक्त मॉडेलमध्ये एक गोष्ट धरली की सोडली यावरून.

संख्याशास्त्रात याला 'इंटरॅक्शन' म्हणतात. दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांचा परिणाम सुट्या परिणामांच्या गुणाकारापेक्षा वेगळा असू शकतो. चहात साखर चांगली, भेळेत चिंच चांगली. म्हणून चिंच घातलेला चहा दुप्पट चांगला होत नाही.

मग कंपन्या इंटरॅक्शन का धरत नाहीत?

धरतात. तरुण आणि वेगवान गाडी ही जोडी अनेक कंपन्या वेगळी धरतात, कारण तिथे डेटा भरपूर आहे आणि नुकसानही मोठं आहे. 'वय ७५ च्या पुढे आणि पोर्शे ९११' या कप्प्यात मात्र माणसं थोडी असतात. एखाद्या मध्यम कंपनीकडे असे काही डझन ग्राहक असतील. त्यातल्या एकाने वर्षात मोठा अपघात केला की त्या कप्प्याची सरासरी आभाळाला भिडते. दुसऱ्या वर्षी कोणी काहीच केलं नाही तर शून्य. अशा आकड्यावर कोणी किंमत ठरवत नाही. मग कंपनी त्या छोट्या कप्प्याला मोठ्या कप्प्यांच्या सरासरीकडे ओढून घेते. म्हणजे तुम्ही जितके दुर्मीळ, तितकं तुमच्याबद्दलचं अनुमान इतरांवरून काढलेलं.

दुसरं कारण सरळ व्यवहाराचं आहे. या ग्राहकांची संख्या कमी, मग त्यांच्यासाठी वेगळं मॉडेल बांधायला वेळ कोण देणार? आमच्या प्रोजेक्टमध्येही नवीन टेबल घालायचं म्हटलं की आधी विचारलं जायचं, किती पॉलिसींना फरक पडणार? उत्तर छोटं असेल तर तिकीट बॅकलॉगमध्ये जायचं.

कंपनीची बाजूही ऐका

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही.

वय वाढल्यावर धोका खरंच वाढतो, पण लगेच साठीला नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षा संस्थेच्या आकडेवारीनुसार दर मैलामागे प्राणघातक अपघातांचं प्रमाण सत्तरीनंतर लक्षात येण्याइतकं वाढायला लागतं आणि ८५ च्या पुढच्या गटात सगळ्यात जास्त असतं. याचं एक मोठं कारण शरीराचा नाजूकपणा हे आहे. तोच धक्का तिशीतल्या माणसाला मुका मार देतो आणि ऐंशीतल्या माणसाची बरगडी मोडतो. म्हणजे ज्येष्ठ ड्रायव्हर इतरांना मारत सुटतात असं नाही, तर ते स्वतः जास्त जखमी होतात. त्यातच, १९९० च्या दशकाच्या शेवटापासून बघितलं तर सत्तरीतल्या ड्रायव्हरचं चित्र बरंच सुधारलंय. आजचे सत्तरीतले लोक आधीच्या पिढीपेक्षा तब्येतीने बरे आहेत आणि गाड्याही सुरक्षित झाल्यात.

स्पोर्ट्स कारचा धोकाही खरा आहे. आयआयएचएसने २०२० च्या मॉडेल्सवर जो अहवाल २०२३ मध्ये काढला, त्यात ड्रायव्हरच्या मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या गाड्यांच्या यादीत कॅमेरो, चॅलेंजर, चार्जर, मस्टँग ही मंडळी ठळक होती. शिवाय दुरुस्ती. कार्बन फायबरचा भाग ठोकून सरळ होत नाही, बदलावा लागतो. बंपरमागे रडार आणि काचेमागे कॅमेरा असेल तर साध्या ठोकरीनंतरही ते सगळं पुन्हा कॅलिब्रेट करावं लागतं.

पण नीट बघा, हे दोन धोके वेगवेगळ्या खिशांतून येतात. वयाचा परिणाम जास्त करून वैद्यकीय खर्चाच्या कव्हरवर पडतो. स्पोर्ट्स कारचा परिणाम जास्त करून गाडीच्या नुकसानीच्या कव्हरवर पडतो. सत्तरीच्या माणसाने चालवली म्हणून पोर्शेचा बंपर महाग होत नाही. त्यामुळे प्रत्येक कव्हरचा हिशोब वेगळा केला, तर दोन्ही गुणक एकाच रकमेवर पूर्ण ताकदीने आदळायची गरज नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्या कव्हरनिहाय हिशोब करतात. कोटेशन हातात आलं की शेवटचा आकडा बघून चिडण्याआधी कव्हरनिहाय रकमा बघाव्यात, त्या यासाठी.

ब्रिटनमध्ये गाडीला मार्क मिळतात

ब्रिटनची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती जास्त उघड आहे. तिथे वर्षानुवर्षं प्रत्येक गाडीला १ ते ५० मधला एक विमा गट मिळायचा. १ म्हणजे स्वस्त, ५० म्हणजे महाग. स्पोर्ट्स कार अर्थातच वरच्या टोकाला. २०२४ पासून थॅचम रिसर्च या संस्थेने नवी पद्धत आणली, जिच्यात गाडीला पाच बाबींवर १ ते ९९ गुण मिळतात: कामगिरी, नुकसान किती होतं, दुरुस्ती किती सोपी, सुरक्षितता आणि चोरीपासून संरक्षण.

हे मला आवडलं. एकाच आकड्यात कोंबलेली माहिती पाच आकड्यांत सुटी झाली. इंजिनिअरिंगच्या भाषेत, मॉडेलला चांगले इनपुट मिळाले. वेगवान पण दुरुस्तीला सोपी असलेली गाडी आता वेगळी ओळखता येईल.

वयाबाबत तिथला कायदा काय म्हणतो? २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट वयावरून भेदभाव करू देत नाही, पण विमा आणि इतर वित्तीय सेवांना सूट आहे. अट एवढीच की वयाचा वापर धोक्याच्या विश्वासार्ह माहितीवर आधारलेला हवा. तसंच, वय जास्त म्हणून कंपनी विमा देत नसेल तर देणाऱ्या दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता तिने सांगायचा, असा करार विमा उद्योगाने सरकारबरोबर केलेला आहे.

तिथे आणखी एक नियम झाला. जुना ग्राहक गप्प बसतो म्हणून दरवर्षी त्याचा हप्ता थोडा थोडा चढवत न्यायचा, हा प्रकार १ जानेवारी २०२२ पासून बंद झाला. नूतनीकरणाचा हप्ता नव्या ग्राहकाला मिळेल त्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. याचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला? जे वर्षानुवर्षं कंपनी बदलत नाहीत त्यांना. म्हणजे बऱ्याचदा वयस्कर लोकांना. त्यांच्या चढत्या हप्त्यातला एक हिस्सा धोक्याचा नव्हताच, तो निष्ठेचा दंड होता.

अमेरिकेत राज्य बदललं की वयाचं वजन बदलतं

अमेरिकेत विमा हा राज्यांचा विषय. कॅलिफोर्नियात १९८८ च्या प्रपोझिशन १०३ नुसार हप्ता ठरवताना तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन द्यावं लागतं, आणि तेही याच क्रमाने: तुमचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड, वर्षाला किती मैल चालवता, आणि किती वर्षांचा अनुभव आहे. हवाईमध्ये वय वापरताच येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्येही वयावर बंदी आहे, उलट ६५ च्या पुढच्यांना सवलत द्यावी लागते.

म्हणजे तोच माणूस, तीच गाडी, तेच हात. राज्याची सीमा ओलांडली की त्याच्या वयाचा अर्थ बदलतो. वयाचा गुणक हा विज्ञानाने दिलेला अटळ आकडा आहे असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण द्यावं. काय वापरायचं हे शेवटी समाज ठरवतो.

मात्र बंदी घातली की प्रश्न सुटला, असंही नाही. युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०१२ पासून युरोपात विम्यासाठी स्त्री-पुरुष हा भेद वापरता येत नाही. पण गाडीचा प्रकार, इंजिनाची ताकद, व्यवसाय ही माहिती तर उरतेच, आणि काढून टाकलेल्या गोष्टीतलं बरंच काही त्या वाटेने परत आत येतं. डेटावर काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. एक कॉलम डिलीट केला तरी बाकीचे कॉलम त्याची आठवण ठेवतात.

टेलिमॅटिक्स: सरासरी सोडा, मला बघा

मग सरळ उपाय सुचतो. वयावरून अंदाज बांधण्यापेक्षा माणूस प्रत्यक्ष कसा चालवतो तेच मोजू. गाडीत डोंगल लावा, फोनमध्ये ॲप टाका किंवा गाडीच्या स्वतःच्या सिममधून डेटा घ्या. यालाच टेलिमॅटिक्स म्हणतात. किती मैल, किती वाजता, किती वेगात, किती वेळा करकचून ब्रेक, हे सगळं त्यात येतं.

सत्तरीतल्या ड्रायव्हरसाठी हे वरदान वाटतं. मैल कमी, रात्री दोन वाजता रस्त्यावर नाही, ऑफिसची घाई नाही. पण गाडी स्पोर्ट्स कार असेल तर इथेही गडबड आहे.

अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह कंपनीच्या स्नॅपशॉट कार्यक्रमात 'हार्ड ब्रेक'ची व्याख्या होती: एका सेकंदात ताशी ७ मैलांनी किंवा जास्त वेग कमी होणं. मेट्रिकमध्ये हे साधारण ३.१ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक तृतीयांश. चांगली स्पोर्ट्स कार याच्या तिप्पट जोराने थांबू शकते. तिच्यासाठी हा ब्रेक म्हणजे नेहमीचं काम, पण मोजपट्टी सगळ्यांना एकच. आणि मोजपट्टीला रस्ता दिसत नाही. समोर अचानक हरीण आलं आणि आजोबांनी वेळेत ब्रेक मारून जीव वाचवला, तर आकड्यांत ती चूक म्हणून पडते. धडकले असते तर क्लेम पडला असता, हे खरं. पण वाचवलं याचे गुण कुठेच नाहीत.

माझे एक काका न्यू जर्सीत असतात, वय ७१. निवृत्तीनंतर त्यांनी सेकंडहँड कॉर्व्हेट घेतली. त्यांच्या कंपनीने सवलतीसाठी ॲप टाकायला सांगितलं. गुण कमी येत राहिले. एका रविवारी व्हिडीओ कॉलवर त्यांनी मला स्क्रीन दाखवली तेव्हा फोन वापरल्याचे बरेच ठपके दिसले. ते ट्रिपनुसार बघितल्यावर लक्षात आलं की त्या ट्रिपना गाडी काकू चालवत होत्या आणि काका बाजूला बसून नातीचे फोटो बघत होते. ॲपला ड्रायव्हर कोण आणि सोबती कोण हे कळलं नव्हतं. ॲपमध्ये 'मी सोबती होतो' असं सांगायची सोय होती, पण ती तीन मेनू आत. एकाहत्तराव्या वर्षी हे शोधत बसणं सगळ्यांना जमेल असं नाही. त्यांना वयाचा दंड लागला तो असा, मागच्या दाराने, डिझाइनमधून.

आणि परवानगी कोणी दिली होती?

खरी गंभीर गोष्ट याच्या पुढची आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की जनरल मोटर्सच्या गाड्यांमधला ड्रायव्हिंगचा डेटा लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या डेटा कंपन्यांकडे जात होता आणि तिथून विमा कंपन्यांकडे. 'स्मार्ट ड्रायव्हर' नावाच्या एका फीचरच्या वाटेने हे होत होतं, आणि आपण त्यात सामील झालोय हे अनेक मालकांना माहीतच नव्हतं. त्या बातमीत साठी ओलांडलेल्या एका गृहस्थाचा अनुभव होता. गाडी स्पोर्ट्स कार नव्हती, साधी इलेक्ट्रिक शेव्हरोले बोल्ट होती. त्यांचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. त्यांनी आपला अहवाल मागवला तर त्यात शेकडो फेऱ्यांची नोंद निघाली: कधी निघाले, किती अंतर, किती वेळा जोरात ब्रेक.

पुढे जनरल मोटर्सने तो कार्यक्रम बंद केला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर केली. काही वाहनांचं अचूक ठिकाण दर तीन सेकंदांनी गोळा होत होतं, असा त्यांचा आरोप होता. असा डेटा ग्राहक अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना पाच वर्षं द्यायचा नाही, असं बंधन कंपनीवर आलं आणि जानेवारी २०२६ मध्ये तो आदेश अंतिम झाला. त्याआधी जानेवारी २०२५ मध्येच टेक्सास राज्याने ऑलस्टेट ही विमा कंपनी आणि तिची उपकंपनी ॲरिटी यांच्यावर खटला भरला. आरोप असा की इतरांच्या मोबाइल ॲपमध्ये एसडीके घालून त्यांनी लोकांच्या हालचालींचा डेटा जमवला. एसडीके म्हणजे डेव्हलपर आपल्या ॲपमध्ये जोडतो तो तयार कोड. आम्ही रोज असे दहा जोडतो. त्यातला एखादा वापरकर्त्याच्या विम्याचा हप्ता वाढवू शकतो, हा विचार कोड रिव्ह्यूमध्ये कोणी केलेला मी तरी पाहिला नाही.

म्हणजे पेच असा आहे. वयावरून किंमत ठरवली तर चांगल्या ड्रायव्हरवर अन्याय. प्रत्यक्ष वागण्यावरून ठरवायची तर सतत पाळत. माझं मत विचाराल तर दुसरा रस्ता बरा, पण तीन अटींवर. परवानगी स्पष्ट आणि वेगळी मागितलेली हवी. गोळा झालेला डेटा माणसाला वाचता येईल असा दिसायला हवा. आणि चूक असेल तर ती दुरुस्त करायचं बटण तीन मेनू आत नको. या अटी नसतील तर वयाचं जुनं टेबल निदान उघड तरी आहे. तिथे काय वापरलंय हे तुम्हाला माहीत असतं.

आपल्याकडे काय?

आता पुण्यात एखाद्या ७३ वर्षांच्या आजींनी पोर्शे घेतली असं समजा. थर्ड पार्टी विम्याचा दर केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात खासगी कारचे वार्षिक दर असे आहेत:

- १००० सीसीपर्यंत: २,०९४ रुपये
- १००० ते १५०० सीसी: ३,४१६ रुपये
- १५०० सीसीच्या वर: ७,८९७ रुपये

वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आजींची पोर्शे आणि शेजाऱ्यांची इनोव्हा क्रिस्टा एकाच रांगेत. ड्रायव्हरचं वय कोणी विचारत नाही. तो पंचविशीचा आहे की पंचाहत्तरीचा, तक्त्याला फरक पडत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. तिथले दर २००७ पासून मोकळे झालेत आणि कंपन्या आपापली गणितं लावतात. पण मुख्य भार गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीवर, गाडीच्या वयावर, शहरावर आणि नो क्लेम बोनसवर असतो. हा बोनस पाच वर्षांत २० वरून ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो. आपल्याकडे वयाचा चटका बसतो तो आरोग्य विम्यात. गाडीच्या विम्यात आपण अजून माणसापेक्षा यंत्र मोजतो.

हे न्याय्य आहे का? एका अर्थी हो, म्हातारपणाचा दंड नाही. दुसऱ्या अर्थी नाही. महिन्यातून दोनदा गाडी काढणारे आजोबा आणि रोज हायवेवर कट मारत जाणारा माणूस थर्ड पार्टीचा सारखाच हप्ता भरतात. सावकाश चालवणारा बेदरकार माणसाचा खर्च उचलतो.

हे बदलायला सुरुवात झालीय. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने 'जितकं चालवाल तितकं भरा' आणि 'जसं चालवाल तसं भरा' अशा दोन्ही प्रकारांना स्वतःच्या नुकसानीच्या भागासाठी परवानगी दिली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेत, पण पूर्ण अंमलबजावणीला मुदत दिलेली आहे. म्हणजे विम्याची उत्पादनं आधी आली, कायद्याचं कुंपण मागून येतंय. अमेरिकेने आधी डेटा विकला आणि मग आदेश काढले. आपल्याला क्रम बदलायची संधी अजून आहे.

व्यवहारात काय करायचं?

अमेरिकेतले आई-बाबा, काका-काकू यांच्यासाठी:

- शेवटच्या आकड्याऐवजी कव्हरनिहाय रकमा मागा. वाढ वैद्यकीय भागात आहे की गाडीच्या भागात, ते कळतं.
- हौसेची गाडी कमी चालवत असाल तर कलेक्टर कार विमा देणाऱ्या कंपन्यांकडेही विचारा. तिथे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतात आणि कमी वापर गृहीत धरतात. रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि बंद गॅरेज अशा अटी मात्र असतात.
- सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स करा. न्यू जर्सी, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत मान्यताप्राप्त कोर्सनंतर तीन वर्षं सवलत मिळते. फ्लोरिडा, कॅलिफोर्नियात ५५ च्या पुढच्यांसाठी खास कोर्स आहेत.
- घरात दोन गाड्या आणि तरुण नातू असेल तर कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर धरलाय ते तपासा. काही कंपन्या सगळ्यात धोक्याचा ड्रायव्हर सगळ्यात महाग गाडीवर टाकतात.
- लेक्सिसनेक्सिसकडून स्वतःचा अहवाल मोफत मागवता येतो. चूक असेल तर हरकत घेता येते. तो कायद्याने मिळालेला हक्क आहे.

भारतातल्या आपल्या घरच्यांसाठी:

- गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच फिरत असेल तर पुढच्या नूतनीकरणाला किलोमीटरवर आधारित पर्यायाचं कोटेशन जरूर घ्या. मर्यादा ओलांडली तर काय होतं, तेही आधी विचारा.
- 'जसं चालवाल तसं' प्रकारात ॲप टाकावं लागत असेल तर ते कुठल्या परवानग्या मागतं ते बघा. लोकेशन 'फक्त ॲप वापरताना' की 'नेहमी', हा फरक मोठा आहे.
- गाडी विकली तर नो क्लेम बोनसचं पत्र घ्यायला विसरू नका. ५० टक्के बोनस ही कित्येक वर्षांची कमाई असते.
- आणि पन्नाशी-साठीच्या पुढे लायसन्सच्या तारखेवर नजर ठेवा. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं. लायसन्स संपलेलं असताना अपघात झाला तर कंपनीला क्लेम नाकारायचं आयतं कारण मिळतं.

कुठलाही हप्ता हा शेवटी अंदाजच असतो. तो अंदाज कुठल्या माहितीवर बांधला, हे विचारायचा हक्क ग्राहकाला आहे, आणि त्याचं उत्तर देता येईल असं सॉफ्टवेअर लिहिणं हे आमच्यासारख्यांचं काम आहे. रेटिंग इंजिनमध्ये प्रत्येक गुणक कुठल्या टेबलातून आला याची नोंद आतल्या लॉगमध्ये असतेच. ती ग्राहकाला दाखवायला तंत्रज्ञानाची अडचण नाही. दाखवा असं अजून कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.